पडद्यावर मेलेला ओडेल टार्व्हर

सिनेमात ओडेल टार्व्हर वारला, तेव्हा खरा ओडेल टार्व्हर तिसऱ्या रांगेत मक्याच्या लाह्या खात होता. पडद्यावर शवपेटी खड्ड्यात उतरली आणि काळोखात पांढरी अक्षरं उमटली : 'विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला पहिला काळा खेळाडू. मृत्यू १९९६.'

लाही घशातच अडकली.

"ओडेल," शेजारून त्याची बायको अर्नेस्टीन कुजबुजली, "इतकी वर्षं मी विधवा आहे, आणि तू मला बोललासुद्धा नाहीस?"

"मलाच आत्ता कळतंय!"

पंचेचाळीस वर्षं दोघं डेट्रॉईटला होती. आपल्यावर सिनेमा निघालाय हे ओडेलला पेपरात वाचून समजलं, म्हणून कुणाला न कळवता दोघं बसनं अलाबामात, त्याच्या जुन्या गावी आली होती. शहाण्णव साली त्याच नावाचा त्याचा चुलतभाऊ वारला होता. सिनेमावाल्यांनी तेवढ्यावरच उरकलं होतं.

"जा, मॅनेजरला गाठ," अर्नेस्टीन म्हणाली. "म्हणावं, चूक दुरुस्त करा."

तो उठला आणि बाहेर वादळाचा इशारा देणारा भोंगा वाजू लागला. दिवे गेले. दुपारचे चार वाजले होते, पण दारांच्या काचांबाहेर आभाळ शेवाळलेल्या डबक्यासारखं हिरवं झालं होतं आणि झाडाचं एक पान हलत नव्हतं. बाहेरच्या दालनात ओडेलची विशीतली भलीमोठी तसबीर मांडलेली, समोर फुलं, मेणबत्त्या. चर्चला जायचा पांढराशुभ्र सूट घातलेला ओडेल त्या तसबिरीशेजारी जाऊन उभा राहिला.

तिकिटं देणाऱ्या बाईंनी टॉर्च उचलला. उजेड तसबिरीवर पडला, मग त्याच्यावर, पुन्हा तसबिरीवर.

"बाई, एक तक्रार आहे," तो अदबीनं म्हणाला. "मी मेलेलो नाही."

"सगळे असंच म्हणतात!" बाई किंचाळल्या आणि टॉर्च टाकून पळाल्या. त्यांच्यामागे दिवे गेल्यावर दालनात आलेले चाळीसएक लोक सिनेमागृहात पळाले. ओडेल "अहो, थांबा!" म्हणत हात पसरून पुढे सरसावला, त्यामुळे उरलेले चारही पळाले. ओशाळून तो समोरच्या बाथरूममध्ये शिरला.

आत आरशासमोर एक गोरा म्हातारा मेणबत्तीच्या उजेडात सिनेमानंतर करायच्या भाषणाची तालीम करत होता. वेंडेल स्टब्ज, संघाचा तेव्हाचा कप्तान. सिनेमाभर हाच ओडेलच्या पाठीशी उभा होता. संघाच्या खोलीत ओडेलच्या कपाटात कुणीतरी फासाचा दोर टांगला, तेव्हा तो ओरबाडून फेकणारासुद्धा हाच.

स्टब्जनं आरशात पाहिलं. हातातला कागद गळून पडला.

"ओडेल! तू... तू म्हातारा झालास?"

"तूही झालास की."

"तिकडेसुद्धा वय वाढतं?" स्टब्ज गुडघ्यांवर कोसळला. "मला ठाऊक होतं तू येणार. मी खोटं सांगितलं रे त्या सिनेमावाल्यांना. तो दोर मी काढला नाही. मीच टांगला होता!"

बाहेर वारा एकदम घुमला. त्या दोराचा आळ ओडेलनं इतकी वर्षं मनातल्या मनात संघाचं साहित्य सांभाळणाऱ्या पाइकवर घेतला होता, आणि पाइकला कधी साधा नमस्कारही केला नव्हता. मी जिवंत आहे, हे सांगायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं.

"बाहेर जा," तो खोल आवाजात म्हणाला. "सगळ्यांना सांग."

स्टब्ज लटपटत सिनेमागृहात गेला आणि काळोखात, दोनशे घाबरलेल्या माणसांसमोर, ऐंशीकडे झुकलेल्या चिरक्या आवाजात त्यानं सगळं सांगून टाकलं. मग झपकन दिवे आले.

दारात ओडेल उभा होता आणि अर्नेस्टीन त्याला पर्सनं बदडत होती.

"मेला मेला म्हणतायत सगळे, आणि तू बाथरूममध्ये बसलायस!"

भुताला पर्सचा मार लागतोय, हे पाहून स्टब्जचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला.

"तू जिवंत आहेस? ही शुद्ध फसवणूक आहे!"

"मी मेलोय असं मी कधी म्हटलं?" ओडेल कोट झटकत पुढे आला. "मेलेल्याची माफी मागणं सोपं असतं, वेंडेल. आता जिवंत माणसाला सांग."

स्टब्जनं भाषणाच्या कागदासाठी खिसे चाचपले. ओडेल पहिल्या रांगेतल्या खुर्चीत, त्याच्या अगदी समोर, पायावर पाय टाकून बसला. त्याला कसलीच घाई नव्हती.