तिसऱ्या टप्प्यातली सोय

विस्ताराचा आराखडा विश्वस्त मंडळाने दुसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा इंजिनसाहेबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. जेवण त्यामुळे अर्धा तास लांबलं. ते जुन्या रेल्वे संग्रहालयाचे प्रमुख होते. त्यांना खरं नावही होतं, पण ते आता फक्त टपालावर दिसायचं. बाकी सगळ्यांसाठी ते इंजिनसाहेब. पहिल्याच भेटीत होणाऱ्या सासऱ्यांना त्यांनी तासभर बॉयलर समजावून सांगितला होता आणि त्यांच्या मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायचे, आणि सांगता सांगता पुन्हा बॉयलरवर घसरायचे.

मंडळाच्या पत्रात या वेळी एक ओळ जास्त होती. नकाशा कुणालाच समजत नसल्यामुळे मंडळ येत्या सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन जागा बघणार होतं. तिथे पटलं तर ठीक, नाहीतर संग्रहालयाचं मागचं आवार शेजारच्या लाकडाच्या वखारीला देऊन टाकायचं. त्या आवारासाठी इंजिनसाहेबांनी एकोणीस वर्षं अर्ज केले होते. तिथे इंजिनाच्या जागी लाकडाच्या ओंडक्यांची थप्पी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

त्यांची बायको शाळेत खेळ शिकवायची. तिने नकाशाकडे दोन मिनिटं पाहिलं. "कागदावर कळत नाही ना? मग जमिनीवर काढा. मी दर वर्षी फक्कीने मैदान आखते. पहिलीतल्या पोरांनासुद्धा कळतं कुठून पळायचं ते."

इंजिनसाहेबांना ही कल्पना इतकी आवडली की ती आपल्याला आधीच सुचली होती असं त्यांना वाटायला लागलं.

"पण यात प्रसाधनगृह कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"आहे ना. वाटी उचल."

तिने कोपऱ्यातली वाटी उचलली. खाली खरोखरच एक बारीक चौकोन होता. तो कितव्या टप्प्यात होणार, असं तिने विचारलं. तिसऱ्या, असं उत्तर आलं. पहिल्या टप्प्यात इंजिनासाठी पाण्याचा हौद होता आणि दुसऱ्यात इंजिनासाठी शेड. इंजिन चाळीस वर्षांत जागचं हललेलं नव्हतं, पण त्याच्या तहानेची काळजी इंजिनसाहेब अजून घेत होते.

"लोक इंजिन बघायला येतात," ते म्हणाले, "प्रसाधनगृह बघायला कोणी येत नाही."

"बघायला नाही येत, ते खरंय," बायको म्हणाली आणि वाटी आमटी वाढायला घेऊन गेली.

मंडळ येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी मिळून सगळा विस्तार जमिनीवर उतरवला. बायकोने शाळेतून फक्कीची गाडी आणली होती. ती पुढे, इंजिनसाहेब मोजपट्टी धरून मागे. संध्याकाळपर्यंत आवारात पांढऱ्या रेघांची तिकीट खिडकी, प्रतीक्षागृह, उपाहारगृह आणि त्यातली टेबलंसुद्धा तयार झाली. प्रत्येक ठिकाणी काठीला ठोकलेली एकेक पाटी होती. स्त्रियांचं प्रसाधनगृह नकाशाप्रमाणे एका जुन्या मालडब्याच्या पाठीमागे आलं. ते तिथे दिसणार नाही, म्हणून बाण काढलेली पाटी डब्याच्या पुढे लावली. पाट्यांवर "नियोजित" असं लिहायचं इंजिनसाहेबांच्या मनात होतं. पण काळा रंग इंजिनाच्या चाकांवर हात फिरवण्यात संपला होता.

शेवटी त्यांनी गार्डकाकांना बोलावलं. गार्डकाका रेल्वेतून निवृत्त झाल्यावर इथे हौसेने काम करत. लावलेली पाटी कोणी लावली, का लावली, हे विचारायचं नाही, तिच्याप्रमाणे चालायचं, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला होता. इंजिनसाहेबांनी त्यांना बजावलं, "उद्या मंडळ येणार आहे. एकही रेघ पुसली जाता कामा नये. आजपासून विस्तार झालाय असं समजा."

गार्डकाकांनी तसं समजून घेतलं. वाईट एवढंच झालं की त्यांनी ते पूर्णपणे समजून घेतलं.

एरवी सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात वीस माणसं आली तरी इंजिनसाहेब वहीत तो आकडा दोनदा गिरवायचे. त्या दिवशी कुठल्याशा वसाहतीच्या सहलीच्या दोन बसगाड्या फाटकाशी येऊन थांबल्या. कार्यालयात मंडळापुढच्या भाषणाची तयारी करत बसलेल्या इंजिनसाहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते खिडकीशी आले तेव्हा आवारात शे-सव्वाशे माणसं होती आणि त्यातलं एकही माणूस रेघेवर पाय देत नव्हतं.

गार्डकाका शिट्टी आणि हिरवा झेंडा घेऊन मधोमध उभे होते. रेघ म्हणजे भिंत आणि रेघेतली फट म्हणजे दार. भिंतीतून कोणी निघालं की शिट्टी वाजत होती. फाटकावर तिकीट काढून आलेले लोक तिकीट खिडकीच्या पाटीपुढे पुन्हा रांग लावून उभे होते. पुढे कोणी आहे का, हे न बघता रांगेला लागायची सवय माणसाला असतेच. उपाहारगृहात सहलीवाल्यांनी फक्कीच्या गोल टेबलांभोवती मांडी ठोकून आपापले डबे उघडले होते. प्रतीक्षागृहात तर बसायला जागा नव्हती.

इंजिनसाहेबांना आधी भरून आलं. मग एक आजोबा त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, गाडी कितीला सुटणार?"

इंजिन चाळीस वर्षं बंद आहे, असं एक वाक्य बोलायचं होतं. पण हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांच्या तोंडातून भलतंच निघालं. "सध्या नक्की वेळ सांगता येत नाही."

हे उत्तर इतकं अस्सल रेल्वेचं होतं की आजोबांची खात्रीच पटली. त्यांनी ते बायकोला सांगितलं, बायकोने शेजारणीला सांगितलं, आणि पाच मिनिटांत प्रतीक्षागृहातल्या लोकांनी पिशव्या उशाला घेतल्या. आपण गाढवपणा केला हे इंजिनसाहेबांना कळत होतं. पण वाक्य छान जमलं होतं, हेही त्यांना लपवता येत नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी मंडळाची मोटार दिसली. इंजिनसाहेब धावले आणि शिट्टी वाजली.

"साहेब, इथे भिंत आहे," गार्डकाका म्हणाले.

"अहो काका, भिंत मीच काढलीय."

"म्हणून तर तुम्ही तरी तोडू नका. लोक बघतायत."

बोलणं मुद्द्याचं होतं. इंजिनसाहेब प्रतीक्षागृहातून, झोपलेल्यांचे पाय चुकवत, उपाहारगृहाच्या दाराने निघाले. तिथे एका कुटुंबाने त्यांना दोन घास खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. ते फाटकाशी पोचले तेव्हा मोटार रिकामी होती. मंडळाचे दोन सभासद प्रतीक्षागृहात सापडले. एवढे लोक थांबलेत तर काहीतरी असणार, म्हणून तेही थांबले होते. अध्यक्षबाई मात्र कुठेच दिसेनात.

अध्यक्षबाई व्यवसायाने दंतवैद्य होत्या. ओळखीपाळखीच्या निम्म्या लोकांच्या तोंडात त्यांनी हात घातलेला असल्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायला सगळेच कचरत. त्या मालडब्यापुढच्या रांगेत, सातव्या नंबरला सापडल्या. अडीच तासांचा प्रवास करून आल्या होत्या आणि सरळ बाणाच्या मागे गेल्या होत्या. डब्याचं दार बंद होतं. आत पारवे फडफडत होते, त्यामुळे आत कोणीतरी आहे याबद्दल रांगेतल्या सगळ्या बायकांची खात्री होती. पहिल्या नंबरच्या बाई वीस मिनिटं सभ्यपणे दार वाजवत होत्या.

इंजिनसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, "बाई, हे नियोजित आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून नाहीये. तिसऱ्या टप्प्यात होईल."

अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे, दात काढायचा की ठेवायचा हे ठरवताना बघावं, तसं पाहिलं. "पहिल्या टप्प्यात काय आहे?"

"पाण्याचा हौद. इंजिनासाठी."

"इंजिनाला पाण्याची सोय आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "बरं, आत्ताचं प्रसाधनगृह कुठे आहे?"

याचं उत्तर देण्यापेक्षा इंजिनसाहेबांना धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. प्रसाधनगृह एकच होतं, कार्यालयामागे. त्या खोलीत ओल अजिबात येत नाही, असा शोध त्यांना सहा वर्षांपूर्वी लागला होता. तेव्हापासून तिथे छतापर्यंत जुनी वेळापत्रकं रचलेली होती. ते स्वतः दिवसातून चार वेळा आवाराला लागून असलेल्या आपल्या घरी जात, त्यामुळे अडचण कधी जाणवली नव्हती. पाहुण्यांनाही जाणवली नसावी, अशी त्यांची समजूत होती. पाहुणे अर्ध्या तासात का निघून जातात, याचं कारण शोधण्यासाठी त्यांनी मागच्याच वर्षी तीन पानांचा अहवाल लिहिला होता. त्यात त्यांनी इंजिनावरच्या धुळीला दोष दिला होता. आता त्या रांगेपुढे उभं राहून त्यांना सगळं एकदम कळलं आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

"वेळापत्रकं आहेत तिथे," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

पुढे बोलायची वेळ आलीच नाही. बायको घराच्या मागच्या दारात उभी राहून बराच वेळ हा प्रकार बघत होती. ती आली, रांगेतल्या पहिल्या बाईंचा हात धरला आणि म्हणाली, "चला, माझ्यामागून या सगळ्याजणी. जवळच आहे." रांग जशी होती तशी, नंबर न मोडता, आवारातून निघाली आणि इंजिनसाहेबांच्या घरात शिरली. रेघेवरून जाताना या वेळी शिट्टी वाजली नाही. समोरून येणाऱ्या अध्यक्षबाईंकडे बघून गार्डकाकांनी आपणहून हिरवा झेंडा दाखवला.

मंडळाची सभा मग इंजिनसाहेबांच्या बाहेरच्या खोलीतच झाली. बायकांच्या मागोमाग पुरुषांचीही रांग लागली होती, ती खोलीतून जात होती. सभासद खुर्च्यांचे पाय उचलून तिला वाट देत होते. इंजिनसाहेब भाषण करायला उठले, पण अध्यक्षबाईंनी बसायची खूण केली. त्यांचा चेहरा आता बराच निवळला होता. आवार वखारीला द्यायचा विषय त्यांनी काढलाच नाही. एका दिवसात एवढी माणसं आणि तीही उशाला पिशव्या घेऊन थांबणारी, असं संग्रहालय त्यांनी पाहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. इंजिनसाहेबांचे डोळे भरून आले. विस्तार मंजूर होता.

"फक्त टप्पे उलटे करायचे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तिसरा पहिला. हौदाचं नंतर बघू. आणि बांधकाम होईपर्यंत पाहुण्यांची सोय इथे, या घरात. तुमच्या मिसेस तयार आहेत. मी विचारलंय."

इंजिनसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती रांगेतल्या एका आजीला पायरी दाखवत होती. खुद्द इंजिनसाहेबांना विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

मंडळ गेलं. इंजिनसाहेब सही केलेला ठराव छातीशी धरून काही वेळ तसेच बसले. मग सकाळपासूनच्या धावपळीत आपल्याला एक गोष्ट जमलीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते घाईने आत निघाले. बायकोने हात आडवा धरला.

"रांग आहे."

"अगं, घर आपलं आहे."

"ते मला माहीत आहे. मागे उभे राहा, अकरावा नंबर."

ते मागे जाऊन उभे राहिले. पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, की बाकी कुठे काही मिळो न मिळो, ही सोय मात्र फार चांगली केलीय, अगदी माणसांचा विचार करून. मग त्यांनी विचारलं, "कुणाची कल्पना हो?"

"बायकोची," इंजिनसाहेब म्हणाले आणि एक पाऊल पुढे सरकले.