पार्सल घेऊ नका, उघडू तर मुळीच नका

माझं एकही पार्सल आजवर परत आलेलं नाही. एकही नाही! लोकरीची खेळणी विणून परदेशी पाठवणाऱ्या बायकांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यात मी हे वाक्य दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या निमित्तानं टाकायचे. कुणी लिहायचं, पत्त्यातला एक आकडा चुकला म्हणून माझं अस्वल दोन महिने भटकून घरी आलं. कुणी लिहायचं, माझा ससा तिकडच्या गोदामात भिजला आणि परत आला तेव्हा त्याचा बोका झाला होता. मी लगेच लिहायचे, अगं, पत्ता तीनदा वाचायचा, अर्ज दोनदा तपासायचा, माझं बघा! आता वाटतं, त्या बायकांनी मला सहन कसं केलं असेल.

माझा कारखाना म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा आणि कारखान्याची वेळ म्हणजे ढब्बूची दुपारची झोप. ढब्बू म्हणजे माझी लेक, वय पावणेदोन. एक ते तीन ती झोपते, एक ते तीन मी विणते, बांधते, गिऱ्हाइकांना उत्तरं देते. आणि ढब्बूची झोप सर्वस्वी हत्तोबाच्या हाती.

हत्तोबा हा मी विणलेला पहिलावहिला हत्ती. ढब्बू पोटात होती तेव्हा विणलेला. टाके वाकडेतिकडे, एक पाय आखूड, सोंड कुठे बघतेय ते तिचं तिलाच ठाऊक. त्याचा डावा कान ढब्बूनं चघळून चघळून पिळलेल्या फडक्यासारखा केलाय. त्याला दुधाचा वास येतो, लाळेचा येतो आणि ढब्बूच्या मानेच्या घडीत येतो तसा एक गोडसर वास येतो. तो कान ओठाला लागला, की पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती मंदावतात तशा तिच्या पापण्या मंदावतात. दोन मिनिटांत बाईसाहेब गाढ, आणि माझा कारखाना सुरू.

तर एका दूरच्या देशातल्या आजोबांनी पणती झाली म्हणून एक हत्ती मागवला. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. मधे फोनमधलं भाषांतर. मी हत्तोबासारखाच राखाडी, बसका हत्ती विणला, पण या वेळी दोन वर्षांचा हात बसलेला, त्यामुळे कसा टपोरा, देखणा! दोघांना फोटोसाठी शेजारी बसवलं आणि फोटो काढणार एवढ्यात बेल वाजली. आमचा कुरियरवाला दारात असा उभा राहतो जणू खाली त्याची गाडी पेटली आहे. मी ढब्बूला कडेवर घेतलं. तिचा एक हात माझ्या डोळ्यावर, चिकटपट्टी माझ्या दातात. हत्ती कागदात, कागद खोक्यात, खोकं त्याच्या पिशवीत. दोन मिनिटांत काम फत्ते.

एक वाजता ढब्बूला आडवं केलं आणि हत्ती हातात दिला. तिनं कान तोंडात घातला. थांबली. कान बाहेर काढून नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मीही कानाकडे पाहिलं. कोरा करकरीत, टपोरा, देखणा कान!

हत्तोबा विमानतळाच्या वाटेला लागला होता!

पुढचं वर्णन मी करत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येऊन, बाळाला काही भाजलं का, असं विचारून गेल्या, एवढंच सांगते. नवरा ऑफिस सोडून कुरियरच्या कचेरीत धावला. तिथं त्याला सांगण्यात आलं, की पार्सल एकदा यंत्राखालून गेलं की ते मधल्यामधे काढता येत नाही. परत हवं असेल तर घेणाऱ्यानं तिकडे ते नाकारलं पाहिजे.

म्हणजे आजवर जी गोष्ट कधी घडली नाही म्हणून मी मिरवत आले, तीच आता मला हात जोडून मागायची होती. मी ढब्बूला मांडीवर थोपटत एका हातानं आजोबांना लिहिलं: "नमस्कार. आपलं पार्सल येईल. कृपया ते घेऊ नका. उघडू तर मुळीच नका. कारण नंतर सांगते."

कारण लगेचच सांगणार होते, देवाशपथ. पण हत्ती न मिळालेल्या ढब्बूनं हाताला लागेल ते फेकायला सुरुवात केली होती, आणि पुढच्याच क्षणी माझा फोन बादलीत! तो चार दिवस दुरुस्तीला होता. परत आला तेव्हा त्यातले ढब्बूचे सगळे फोटो गेले होते आणि आजोबांचे अकरा निरोप आले होते. पहिल्यात त्यांनी नम्रपणे विचारलं होतं, का हो? चौथ्यात विचारलं होतं, आत नक्की काय आहे? अकराव्यात एकच ओळ: "मी पोलिसांना कळवलं आहे."

विणकाम करणारी साधी बाई मी, आणि एका परक्या देशाचे पोलीस माझ्या हत्तीची वाट पाहत होते!

मग मी सगळं रामायण लिहून पाठवलं. आजोबांना पटलं, पण तिकडच्या कस्टम खात्याला कोण पटवणार? फोनवर पार्सलचा पत्ता लागत होता तो असा: तपासणीसाठी थांबवलं. दुसऱ्या दिवशी: पुन्हा तपासणी. तिसऱ्या दिवशी: वस्तूच्या आत धातूची लांबट वस्तू आढळली.

"धातू?" नवरा म्हणाला. "तू हत्तीत काय भरतेस?"

"कापूस! नुसता कापूस!" मी जवळजवळ रडतच म्हणाले.

इकडे घरात सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली होती. सासूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्या लोखंडी कपाटाची लांब किल्ली हरवली, कुलूपवाल्याला बोलावून कपाट फोडावं लागलं, आणि नवऱ्यानं त्याचं खापर आपल्या आईवर फोडलं. तेव्हापासून घरात चमचा जरी सापडला नाही तरी तो म्हणतो, "आई, कपाटाच्या किल्लीशेजारी ठेवलास का गं?" सासूबाईंचे ओठ असे मिटतात की त्यांतून सुई जाणार नाही.

त्या म्हणाल्या, त्यात काय, नव्या हत्तीला जुनं करू. त्यांनी नव्या हत्तीला दूध चोळलं, उन्हात वाळवला, पुन्हा चोळला. कान चघळायचं काम नवऱ्याला दिलं. तो म्हणाला, मी शिकलेला माणूस आहे, मी हत्तीचा कान चावणार नाही. पण टीव्हीवर सामना लागल्यावर त्यांनी हत्ती हळूच त्याच्या हातात सरकवला आणि शेवटच्या तासाभरात त्यानं नकळत अख्खा कान संपवत आणला. मग घरचा वास लागावा म्हणून सासूबाईंनी तो दोन दिवस स्वतःच्या कुशीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी ढब्बूसमोर ठेवला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. तिनं हुंगला. विचार केला. मग उठली, दुडुदुडु चालत गेली आणि हत्ती आजीच्या गुडघ्यावर नेऊन ठेवला. सासूबाई गुडघ्यांना बाम लावतात. हत्तीला फक्त बामाचा वास येत होता!

त्याच आठवड्यात मी आजोबांसाठी दुसरा नवा हत्ती विणून पुरा केला. ढब्बू झोपत नव्हती, म्हणजे मीही झोपत नव्हते. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नव्हता. म्हणून नवऱ्याला सांगितलं, फळीवर हत्ती ठेवलाय तो तू बांध. त्यानं पत्ता तीनदा वाचला, अर्ज दोनदा तपासला, आणि पार्सल गेलं.

बाविसाव्या दिवशी फोन आला. हत्तोबा देशात परत आले होते, पण कस्टमच्या कचेरीत अडकले होते. मालकानं कागदपत्रांसह हजर व्हावं. आम्ही चौघंही गेलो. घरी थांबायला कुणीच तयार नव्हतं.

लांबलचक खोली, फायलींचे ढिगारे, टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन. साहेबांनी खोक्यातून हत्तोबाला शेपटीला धरून बाहेर काढलं आणि माझा अर्ज वाचू लागले.

"'नवा, हातानं विणलेला, उत्तम स्थितीत,'" ते म्हणाले. "हा?"

मी मान खाली घातली.

"बावीस दिवसांत एवढा जुना झाला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. असल्या गोष्टी ते रोज ऐकत असावेत. मग म्हणाले, की आपली वस्तू परत येत असेल तर हरकत नाही, पण गेली होती तीच परत आली हे दाखवावं लागेल. कागदावर नवी गेलीय. ही जुनी आहे. बाहेरून आलेली वापरलेली वस्तू मला सोडता येत नाही. पुरावा नसेल तर नष्ट करावी लागेल.

नष्ट! मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. त्यानं आपल्या फोनमधले ढब्बूचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले, पोरीच्या हातात राखाडी काहीतरी दिसतंय, ते हेच कशावरून? मग त्यांनी खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"आणि हे तिकडच्या लोकांनी याच्या पायातून काढलंय. हे काय आहे?"

पिशवीत एक लांब किल्ली होती.

सासूबाईंनी चष्मा लावला. पिशवी हातात घेतली, उजेडाकडे धरली, उलटी केली, सुलटी केली.

"ही आमच्या कपाटाची," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं आईकडे पाहिलं. आईनं मुलाकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

आणि मला लख्ख आठवलं. आखूड पाय! पहिलाच हत्ती, पाय अरुंद, कापूस खाली ढकलायला बोट पोचेना. तेव्हा समोर जे लांब आणि टोकदार दिसलं त्यानं मी कापूस दडपला होता, आणि मळमळलं म्हणून उठून गेले होते. परत येऊन पाय शिवून टाकला होता. दोन वर्षं! दोन वर्षं त्या माउलीनं ऐकून घेतलं आणि किल्ली रोज त्यांच्याच मांडीवर, ढब्बूच्या काखेत, घरभर फिरत होती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, आणखी कुठल्या हत्तीत काय आहे, ते साहेबांसमोर आत्ताच सांगून टाक."

या गडबडीत ढब्बू माझ्या कडेवरून केव्हा टेबलावर उतरली ते कळलंच नाही. ती रांगत फायलींवरून हत्तोबापर्यंत गेली. ओरडली नाही, हसलीही नाही. त्याच्या पायावर तिकडच्या लोकांनी चिकटपट्टी लावली होती. ढब्बूनं तिच्यावर बोट ठेवलं. मी तिच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालते तशी वाकून फुंकर घातली. मग डावा कान तोंडात घेतला आणि माझ्याच अर्जावर आडवी झाली. पापण्या मंदावल्या. बावीस दिवसांची जागी माझी पोर साहेबांच्या टेबलावर गाढ झोपली.

शिक्का मारायला उचललेला साहेबांचा हात हवेतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ढब्बूकडे पाहिलं. अर्ज तिच्या पोटाखाली. मागच्या टेबलावर फोन वाजला तसं त्यांनी असं काही वळून पाहिलं की तिथल्या कारकुनानं तो दोन्ही हातांनी दाबून धरला. पाऊण तास साहेब थांबले. तिनं कूस बदलली तेव्हा त्यांनी अर्ज एका बोटानं ओढून घेतला, शिक्का कागदावर टेकवला आणि आवाज होऊ नये म्हणून तळहातानं नुसता दाबला.

"पुरावा मिळाला," ते कुजबुजले. "इथं सही करा. हळू."

घरी आलो. ढब्बू अजून झोपलेलीच. नवऱ्यानं आईची माफी मागितली, मी तर दोनदा मागितली. सासूबाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली, जरी तिनं उघडेल असं कपाट आता घरात नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी माझ्या कोपऱ्यात सुई घेऊन बसले, आणि फोनवर आजोबांचा निरोप आला. पार्सल मिळालं. सोबत फोटो.

फोटोत हत्ती होता. अंगावर दुधाचे डाग. एक कान जवळजवळ संपलेला.

"आई," मी म्हणाले, "फळीवर कुठला हत्ती होता?"

सासूबाई जरा घुटमळल्या. म्हणाल्या, पहिला जमला नाही म्हणून तो फळीवर ठेवून दिला, आणि तू विणलेला नवा घेतला, पुन्हा करून बघावं म्हटलं, या वेळी सावकाश, बाम न लावता. खिडकीत पाहिलं. आजोबांच्या पणतीचा हत्ती दुधात भिजून उन्हात वाळत होता!

मी ताबडतोब आजोबांना लिहिलं, फार मोठी चूक झाली, कृपया पार्सल परत पाठवा, तुमच्यासाठी नवा विणते. त्यांचं उत्तर असं आलं:

"बाई, तुमचं पहिलं पार्सल परत पाठवलं तर पोलीस दोनदा माझ्या घरी चहा पिऊन गेले. हे मी परत पाठवणार नाही. पणतीला सवडीनं दुसरा पाठवा. हा माझ्या बायकोनं घेतला आहे. रोज गुडघ्यावर ठेवते, बरं वाटतं म्हणते. तिच्या बहिणीला अगदी असाच एक हवा आहे. वासासकट."

मी तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. सासूबाईंनी खिडकीतला हत्ती आत घेतला आणि बामाची बाटली उघडली. नवऱ्यानं, ढब्बू उठू नये म्हणून आवाज बंद ठेवून, टीव्ही लावला आणि कानासाठी हात पुढे केला.