बाबांचं वाकडं हसू

"शांग बघू, कुथला माशा?" बाबांनी विचारलं आणि मारिटने ओतायला घेतलेली कॉफी कपाबाहेर सांडली.

ती आत्ताच थर्मास घेऊन गोठलेल्या तळ्यावरच्या त्या लाकडी खोपटात शिरली होती. तिचे सासरे, व्हर्लिनबाबा, सकाळपासून पाच वर्षांच्या टिल्डाला घेऊन बर्फातल्या भोकात गळ टाकून बसले होते. बाबांच्या हातात तळव्याएवढा मासा. टिल्डाने त्याच्या कल्ल्यामागच्या काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"बलोबल. काला कान. म्हंजे ब्लूगिल."

आई झाल्यापासून मारिटने प्रथमोपचाराचे दोन वर्ग केले होते. जड जीभ म्हणजे काय, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

"बाबा, तुमचं बोलणं अडखळतंय."

"थंदी."

"शेगडी तर पेटलीय. जरा हसून दाखवा."

"हशू? कशाला?"

टॉलेफसन घराण्यातली मंडळी लग्नाच्या फोटोतसुद्धा हसत नसत. तरी सुनेचा शब्द म्हणून बाबांनी प्रयत्न केला. उजवी बाजू वर गेली. डावीकडचा ओठ सुजल्यासारखा, होता तिथेच राहिला.

मारिटने थर्मास खाली ठेवला. "दोन्ही हात वर करा."

एकच गेला. दुसऱ्या हातात तडफडणारा मासा होता, पण मारिटला आता मासा दिसतच नव्हता. तिने फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, रुग्णवाहिका निघतेय, पण आमचा स्वयंसेवक ड्वेन तुमच्याच तळ्यावर मासे धरतोय, तो आधी पोचेल.

"कुनाला बोलावलंश?" बाबा आता खरोखर घाबरले. "नको ग. मला काई झालं नाई."

"ज्याला होतं त्याला कळत नाही, बाबा. बसा. बोलू नका. नको, बोलत राहा. पूर्ण नाव सांगा."

"व्हल्लिन थोल्लेफशन."

मारिटचे डोळे भरून आले. या माणसाने तिला गाडी चालवायला शिकवली होती, टिल्डाच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर रात्र काढली होती. आणि सकाळीच ती त्यांना टिल्डाच्या मोज्यांवरून बोलली होती.

दार उघडलं. औषधांची बॅग घेऊन धापा टाकत ड्वेन आत आला. "काय झालं, व्हल्लिन? थीक आहेश ना?"

मारिटने त्याच्याकडे बघितलं. मग बाबांकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"तुम्ही हसा," ती म्हणाली.

ड्वेन शिस्तीचा माणूस. हसला. वाकडा.

एकाच तळ्यावर, एकाच दिवशी, दोघांना पक्षाघाताचा झटका येत नाही. मारिटच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गॅस! तिने शेगडी बंद केली, टिल्डाला काखोटीला मारलं आणि थेट उघड्या बर्फावर धावली. "बाहेर या दोघं. आत विषारी हवा साचलीय."

दोघे निमूट बाहेर आले. उन्हात उभे राहून एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी ड्वेनने ओठात बोट घातलं आणि तळहातावर काहीतरी काढून ठेवलं. गुबगुबीत, पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या.

"आमिष आहे, पोरी," ड्वेन स्वच्छ बोलला. "डबीत ठेवलं तर गोठून दगड होतं. दगडाला मासा हुंगतही नाही. म्हणून ओठाखाली. सगळेच ठेवतात."

बाबांनीही मान खाली घालून आपल्या काढल्या.

"मग सांगायचं नाही का?" मारिट म्हणाली.

"सांगितलं असतं तर टिल्डाला परत माझ्याबरोबर धाडली असतीस? मी सूप चाखलं म्हणून तू चमचा उकळला होतास," बाबा म्हणाले.

मारिट बर्फावरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. बाबा धडधाकट होते. त्यांची जीभ जागेवर होती, टोमण्यासकट.

ड्वेनने रुग्णवाहिका परत पाठवली. आलोच आहे तर म्हणून त्याने बाबांचा रक्तदाब बघितला. तरण्या पोराला लाजवेल असा. मग मारिटच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"यातली पेशंट तूच दिसतेस," तो म्हणाला. "पालथ्या बादलीवर बस. दीर्घ श्वास. कसलाही विचार करायचा नाही."

बाबांनी स्वतःचं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं, कॉफी हातात दिली. थोड्या वेळाने ड्वेनने पुन्हा मोजलं. आकडा बराच खाली आला होता. मारिटला कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. तिने लेकीला जवळ ओढलं.

"घाबरलीस का ग, सोन्या? आई उगाच धावली, हो ना?"

टिल्डाने मान हलवली.

"मग बोल की. एरवी तर तोंड मिटत नाही."

टिल्डाने आजोबांकडे बघितलं. आजोबा लांबच्या झाडांकडे बघत होते. मग ती आईकडे बघून गोड हसली, फक्त उजवीकडून.

कोणी काही बोलायच्या आत ड्वेनने पट्टा उचलला आणि पुन्हा मारिटच्या दंडाला गुंडाळायला घेतला.