माल हलला न्हाय पायजे

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. खारबावला आमचा शेजारी हिराजी नातीचा शाळेचा डबा भरून झाला की तो कानाशी धरतो आणि गदगदा हलवतो. आतून आवाज आला की उघडायचा, पुन्हा रचायचा.

"माल हलला न्हाय पायजे," म्हणतो.

वीस वर्षं दापोड्याच्या गोदामात गाड्या भरल्या त्यानं. जड खाली, हलकं वर, नाजूक मधी. तोच कायदा तन्वीच्या डब्याला. पोर पहिलीत. आई सकाळच्या शिफ्टला, म्हणून डब्याची ड्युटी आजोबाची. खाली बटाट्याच्या फोडी, वर बीट घातलेल्या लाल पुऱ्या, पालकाचं घावन वाटीनं गोल कापलेलं, फटीत डाळिंबाचे दाणे.

मी दुसरी शिकलेला, पण कापडाच्या लूमवर चाळीस वर्षं काढलीत, मला कुणी शिकवायचं नाही. रोज सकाळी त्याच्या ओट्यावर बसून मीच त्याला शिकवतो. माझा उजवा हात टॉवेलाखाली. लूमनं त्या हाताची दोन बोटं नेली, उरलेल्यांत जोर नाही. तो हात मी कुणाला दाखवत नाही.

"जेवन हाय का रांगोळी?" मी विचारतो.

"नाना, पोरं पयलं डोल्यानं खातात. तुला न्हाय कलायचं."

दिवाळीनंतर त्यानं नवा डबा आणला, दोन्ही बाजूंना स्टीलचे खटके असलेला. गाडीखाली आला तरी उघडणार नाही म्हणाला. आणि त्या दिवसापासून डबा भरलेलाच परत यायला लागला.

हिराजीनं तिखट कमी केलं. गूळ घातला. घावनाचे मासे कापले, त्यांना मिऱ्याचे डोळे लावले. मासे परत आले. संध्याकाळी तो ओट्यावर बसून तो गार डबा स्वतः खायचा, एकेक घास डोळे मिटून, काय चुकलं ते शोधत.

पाचव्या दिवशी मी तन्वीला फाटकाशी गाठलं. "आबाचं जेवन आवडत न्हाय का गं?"

ती कुजबुजली, "माज्यानं उघडतच न्हाय."

"मग बाईंना सांगायचं."

"बाई आबाच्या डब्याला नावं ठेवतील. आबासारखं पॅकिंग कुनाला जमत न्हाय."

"आन् खातेस काय?"

"सानिया अर्धी चपाती देते."

मी जाऊन हिराजीला सांगितलं. वाटलं, भांडेल. त्यानं डबा मांडीवर घेतला, खटके उघडले, लावले, उघडले. खट, खट.

"माज्या हाताला तर काय जोर लागत न्हाय रं," म्हणाला. मग डबा बंद करून, "हिची आजी माजा डबा फडक्यात बांधायची. टोक ओढलं की गाठ सुटं. ती होती तवर मला वाटायचं, गाठ मीच सोडतो."

डबा त्यानं आत नेऊन ठेवला. त्या संध्याकाळी काही खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच त्याच्या ओट्यावर गेलो. त्यानं जुना, साध्या झाकणाचा डबा फडक्यात बांधून आणला होता. मी टॉवेल बाजूला टाकला आणि उजवा हात पुढे केला.

"आन हिकडं. या हातानं सुटला तरच शालेत जाईल."

हिराजी हाताकडे बघत राहिला. मी टोक ओढलं. गाठ सुटली नाही.

डबा त्याला परत दिला. "घट हाय," म्हटलं. "पुन्हा बांध."