याकोबकाकांची एकी

याकोबकाका कुणाच्याही प्रार्थनेला लगेच 'आमेन' म्हणत नसत. आधी तपासून घेत. आमच्या धाकटीच्या वाढदिवसाला पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, केक कापला, निम्मा संपलाही. तेव्हा काका रिकामी बशी घेऊन पाद्रीसाहेबांजवळ गेले आणि म्हणाले, "तिसरं वाक्य सोडून बाकीच्याला आमेन."

तिसरं वाक्य कोणतं होतं, ते पाद्रीसाहेबांनाही आठवेना.

भिंगारला काकांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. काका लष्कराच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झाले. नट ढिला राहिला की गाडी उलटते आणि शिकवण ढिली राहिली की माणूस, हा त्यांचा सिद्धांत. आम्ही नगरातल्या जुन्या चर्चचे. आमच्याकडे नाताळला तारा लागतो, नाटक बसतं, लग्नात बँड वाजतो. म्हणून आम्ही काकांच्या लेखी 'कोमट'. "गरम बी न्हाई, गार बी न्हाई," ते माझ्या बायकोला सांगायचे. "वहिनी, तुमचा चहा तेवढा गरम हाय."

स्वतः काका मात्र कायम कडक मंडळींत राहिले. आधी आत्म्यानं भरून, कुणाला न कळणाऱ्या अन्य भाषांत प्रार्थना करणाऱ्यांत होते, तिथं ढोलकीवरून बिनसलं. मग रविवारऐवजी शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणाऱ्यांत गेले, तिथं जेवणाच्या नियमांवरून वाजलं. शेवटी ते भिंगारातल्या एका लहान मंडळीत स्थिरावले. तिथं वाद्य नाही, बायकांचं डोकं उघडं नाही, आणि कुणी हसतही नाही. दर वेळी काका बाहेर पडताना घरातल्यांना एकच सांगत, "चूक दिसली की वेगळं व्हायचं. मागं बघायचं न्हाई."

पोरांनी ते फार मनावर घेतलं. मुलगी मार्था शनिवारवाल्यांतच राहिली आणि नेवाशाला त्यांच्याच घरात पडली. मुलगा योना अन्य भाषावाल्यांकडे परत गेला, तो पुणतांब्याला असतो. काकू गेल्या तेव्हा दोघं आली. एक शवपेटीच्या या बाजूला उभं राहिलं, दुसरं त्या बाजूला. एकानं प्रार्थना सुरू केली की दुसरं बाहेर जाई.

गेल्या वर्षी काका एक दिवस कुंपणावरून म्हणाले, "विजयराव, एकी करायची."

"कुणाची?"

"वचनाला घट्ट धरनाऱ्यांची. तिन्ही मंडळ्यांची. आपसातलं भांडान घरात ठेवायचं, जगापुढं एक व्हायचं."

मग काका एसटीनं नेवासा, पुणतांबा, परत नेवासा असे हेलपाटे घालू लागले. वार ठरवण्यातच महिना गेला. शनिवारी शनिवारवाल्यांना चालेना, रविवारी बाकीच्यांना. अखेर एका बुधवारी सकाळी काकांच्या अंगणात तिन्ही मंडळ्या तीन सतरंज्यांवर बसल्या. काकांनी सतरंज्या एकमेकींना चिकटवून टाकल्या होत्या. माणसं बसल्यावर त्यांच्यात आपोआप फटी पडल्या.

कपबशा आमच्या म्हणून चहा द्यायला मी होतो. तासाभरातच एकमत झालं. सांताक्लॉज नको, तारा नको, नाटक नको, बँड नको, आणि शहरातल्या जुन्या चर्चला जाहीरपणे सावध करायचं. आमच्याबद्दल इतकं एकमत मी आमच्या स्वतःच्या मीटिंगांतही कधी पाहिलेलं नाही. पुणतांब्याचे पास्टर तर माझ्याच ट्रेमधला कप उचलत मला म्हणाले, "तुम्हाला सांगतो, ही कोमट माणसंच घात करतात."

मग जेवण. काका पहाटेपासून राबले होते. कुणाची हरकत नको म्हणून वरण-भात, वांग्याची भाजी आणि शिरा. पत्रावळ्या मांडल्या. मार्था आणि योना यांना काकांनी स्वतः शेजारी शेजारी बसवलं. आणि वरणाचा डाव हातात असतानाच प्रश्न निघाला, प्रार्थना कोण करणार?

पुणतांब्याचे पास्टर हात वर करून उभे राहिले. नेवाशाचे ब्रदर नम्रपणे म्हणाले, "खुशाल करा. फक्त आम्हाला आमेन म्हणता येणार नाही."

"मग तुम्ही करा."

"त्याला आमचं आमेन नाही," भिंगारच्या मंडळीचे वडील, म्हणजे तिथले प्रमुख, म्हणाले. "ज्यानं त्यानं मनात करावी."

"मनात कोण कसली करतोय, ते कसं कळणार?" पास्टरांनी विचारलं.

भातावरची वाफ विरली. काका डाव घेऊन मधोमध उभे होते. "आवो, जेवनापुरतं तरी!" ते म्हणाले. "कुनीबी करा, कसलीबी करा. मी म्हनतो आमेन. समद्यांच्या वाटचं मी म्हनतो!"

मग एकेक जण उठला. भांडण असं झालंच नाही. सगळ्यांनी हात मिळवले, एकीबद्दल देवाचे आभार मानले आणि उपाशी निघाले. काकांनी फाटकाशी लेकीला अडवलं. "मार्था, तू तरी बस. योना बी बसंल."

"पपा," ती म्हणाली, "वेगळं व्हायला तुम्हीच शिकवलंत ना?"

आवाजात राग नव्हता. शिकलेलं नीट म्हणून दाखवावं, तशी ती बोलली. योना बूट घालत होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घालून लेस बांधत राहिला.

अंगण रिकामं झालं. काका पत्रावळींच्या ओळीत बसले. "ल्हान हुती तवा जेवनाच्या प्रार्थनेला ही दोघं एकमेकांचा हात धरून बसायची," ते म्हणाले. "मधीच खुदकन हसायची. कशाला ते त्यांचं त्यांनाच ठाव."

"मग?"

"मारायचो मी. प्रार्थनेत हसतात म्हनून."

मी त्यांच्या शेजारची पत्रावळ पुढं ओढली. आम्ही दोघं जेवलो. प्रार्थना कुणीच केली नाही.

एकी मात्र टिकली. डिसेंबरात तिन्ही मंडळ्या आमच्या चर्चसमोर फलक घेऊन एका रांगेत उभ्या राहिल्या. काकांना बोलावणं नव्हतं. कुणाच्याही प्रार्थनेला आमेन म्हणायला निघालेला माणूस त्यांना आता भरवशाचा वाटत नव्हता.

दोन दिवसांनी काका सकाळीच मोबाईल घेऊन आले. त्यांना कुणीतरी त्या निदर्शनाचा फोटो पाठवला होता. आमच्या चर्चचं नाव फलकावर ठळक दिसत होतं. आता वाद होणार म्हणून मी सावरून बसलो.

"फलक ऱ्हाऊ द्या वो," काका म्हणाले. त्यांनी रांगेच्या एका टोकाला बोट ठेवलं. तिथं मार्था होती. मग बोट हळूहळू सरकवत दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं योना.

"मोबाईलात मधली मानसं काढता येतात म्हनं," ते म्हणाले. "द्याल का काढून?"