गिअर धरायला माणूस

सकाळी बाबा बाहेर आले तर फाटकापाशी गाडी नव्हती, ऑइलचा डाग तेवढा जागेवर होता. आधी आई गेली, आता गाडी. दोघींनीही जाताना सांगितलं नव्हतं.

"गाडी चोरीला गेली," त्यांनी मुलाला हलवून उठवलं.

"आपली? बिचारा चोर." मुलगा कूस बदलून म्हणाला. ती भंगारात काढा म्हणून तो केव्हापासून मागे लागला होता.

"एकटा असेल तर लांब गेला नसेल. चल."

कारण त्या गाडीचा पहिला सोडून एकही गिअर जागेवर टिकत नसे. स्टिअरिंग इतकं जड, की बाबांचे दोन्ही हात त्यातच गुंतलेले. त्यामुळे लग्नानंतर लगेचच गिअर धरून बसायचं खातं आईकडे गेलं, ते शेवटपर्यंत तिच्याकडेच राहिलं.

दुसऱ्याच वळणावर लॉन्ड्रीच्या भिंतीला नाक लावून गाडी उभी होती. दार सताड उघडं, वायरी लोंबत होत्या आणि गिअरचा दांडा कमरेच्या पट्ट्याने सीटला करकचून बांधलेला.

"पँट धरून पळाला असेल," मुलगा म्हणाला.

"आम्हीही बांधून पाहिला होता. नाही टिकत." बाबांनी पट्टा सोडला आणि दोन वायरी जुळवून गाडी चालू केली. "बैस. धर."

मुलाने गिअर धरला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, हात सुटला, गाडीने आचका दिला आणि मागचा रिक्षावाला दोघांच्या खानदानावर घसरला.

"दोन्ही हातांनी धर की."

"आई कशी धरायची?"

"एकाच हाताने. दुसऱ्याने मला रस्ता दाखवायची. चुकीचा."

पुढच्या चौकात मुलाने डावीकडे बोट दाखवलं. घर उजवीकडे होतं. बाबा डावीकडे वळले.

लांबच्या फेऱ्याने दोघे गॅरेजवर पोहोचले. मेकॅनिकने आत डोकावून पाहिलं. "वायरी जोडतो. आणि काका, हा गिअर अर्ध्या तासाचं काम आहे हो. इतकी वर्षं केलं का नाही?"

"धरायला माणूस होतं," बाबा म्हणाले.

"मग आता करून टाकू?"

मुलाने लाल झालेला तळहात पँटला पुसला.

"वायरींचंच बघा," तो म्हणाला.

पट्टा न्यायला अजून कोणी आलेलं नाही. गिअरचं काम व्हायचं आहे.