पावशेर सबजा

निवृत्तीला सबजाच्या या व्यवहारात रोज दोन तासांचा नफा दिसत होता. सकाळी सहा ते आठ. संग्रामपूरजवळच्या त्याच्या वावरातून मधमाशा फवारणीपायी कधीच निघून गेल्या होत्या. त्यामुळे काकडीचं नर फूल तोडून एकेका मादी फुलाला त्याला स्वतःच्या हातानं टेकवावं लागे. शेजारचा गोपाल बांधावरून विचारी, "काऊन बे भटजी, आज किती लगनं लावले?" निवृत्तीला हे दोन तास अंथरुणात हवे होते.

"सबजा लाव, माशा येतात," असं कृषी सहायक म्हणाला. फालुद्यात पडतो तोच काळा दाणा. पुढच्या काकडीचं बी टोबायच्या आधी निवृत्तीनं किराण्यातला पावशेर सबजा बांधांवर आणि सऱ्यांच्या कडेनं फेकला. पावशेरात दाणे किती असतात, हे त्याला आठव्या दिवशी कळलं.

तो विरळणीला वाकला आणि आई, सत्यभामाबाई, मागे येऊन उभी राहिली.

"काय करून राह्यला?"

"विरळणी, माय. लय दाट झालं."

"तुयशीले उपटतं का कोनी?"

"तुयस नोहे. सबजा हाय."

"वास घे."

त्यानं वास घेतला. तुळशीचाच होता.

"चप्पल काढ," आई म्हणाली.

तेव्हापासून वावरात अनवाणी जायचं, हा नियम झाला. बायको तानुबाई हसली, "लगनं लावाचा कंटाया आलता ना तुमाले? आता कार्तिकात या हजार तुयशीचे लावा."

काकडीला फुलं आली, त्याच आठवड्यात सबजाला जांभळट मंजिऱ्या फुटल्या. सकाळी निवृत्ती वावराच्या तोंडाशीच थांबला. गुणगुण ऐकून त्याला वाटलं, मोटार चालू राहिली. मग उन्हाचा पट्टा बांधावर आला आणि सगळा बांध हलला. एकेका मंजिरीवर तीन-तीन माशा, पायांना पिवळं पीठ माखलेल्या. हजारोंच्या त्या गर्दीत कुणी कुणाला धडकत नव्हतं. सबजावरून उठायच्या, काकडीच्या फुलात शिरायच्या, बाहेर येऊन पुढच्या फुलाच्या दारी जायच्या. सगळं वावर गोड वासानं भरून गेलं होतं. मागून आलेल्या आईनं हात जोडले होते. कधी जोडले ते न कळता निवृत्तीचेही जुळले.

काकडी अशी लागली की वेल दिसेनात. पण दिवसा तोडायला जावं, तर अनवाणी पायाखाली माशी यायची. तिसऱ्या दिवशी निवृत्तीचे तळवे पुरीसारखे फुगले.

"सांजीले तोडतो, माय."

"सूर्य बुडाल्यावर तुयशीले हात लावतात का?"

उरली पहाट, आईला ब्रह्ममुहूर्त म्हणून चालणारी. चार वाजताची.

शेवटी हिशोब असा लागला. मध माशांनी नेला, पुण्य सत्यभामाबाईनं, आणि गोपालची कारली फुकटात धरली. किंमत भरली निवृत्तीच्या झोपेनं. सहाला तोडणी संपून माल गाडीत चढतो. मग आठपर्यंत त्याला झोपायला कुणी अडवत नाही.

"चला ना घरी, झोपा थोडे," तानुबाई म्हणते.

"थांब," बांधावर अनवाणी बसलेला निवृत्ती तिलाही शेजारी बसवतो. "ऊन येऊन राह्यलं."